पोकरचा संच घेतलात? आता पानं मोजायला घ्या

संच घरी गेल्यावर दुकानात जे फोन येतात, त्यांतले बरेच भांडण मिटवण्यासाठी असतात. प्रश्न ठरलेला: "कलर मोठा की सिक्वेन्स?" तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला सिक्वेन्स मोठा हे पाठ असतं. पेटीतल्या तक्त्यात मात्र फ्लश, म्हणजे आपला कलर, हा स्ट्रेटच्या, म्हणजे सिक्वेन्सच्या, वर छापलेला दिसतो आणि छपाईत चूक झाली असं वाटतं. छपाई बरोबर आहे.

तीन पानांचे एकूण २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पोकरमध्ये हात पाच पानांचा. असे २५,९८,९६० हात होतात. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. दोन पानं वाढली आणि पारडं फिरलं. जे कमी वेळा येतं ते मोठं, एवढाच या तक्त्यामागचा हिशेब आहे. तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२ प्रकारे होते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच कलरचा सिक्वेन्स) ४८ प्रकारे, म्हणजे काटेकोर बघितलं तर प्युअर वर हवा. पण तिथे रूढी जिंकली आहे आणि आम्ही त्या वादात पडत नाही.

या पत्रकात टेक्सास होल्डेम या प्रकाराबद्दलच लिहिलं आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांसाठी पाच, त्या सातांतून उत्तम पाच निवडायची. डाव कसा वाटायचा ते नियमांच्या घडीपत्रिकेत आहे. इथे सांगायचं ते वेगळं: समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखता येत नाही, पण ते किती प्रकारे असू शकतं हे मोजता येतं. पोकरमधला बराचसा शहाणपणा या मोजणीत आहे. बाकीचा स्वभावात.

<b>दोन पानांचे १,३२६ हात</b>

५२ पानांतून दोन पानं उचलायची. पहिल्याला ५२ पर्याय, दुसऱ्याला ५१. आधी कोणतं आलं याला महत्त्व नाही, म्हणून निम्मे करायचे: १,३२६.

आता एक्क्यांची जोडी घ्या. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर अशा चार एक्क्यांतून दोन निवडायचे, म्हणजे ६ प्रकार. कुठलीही जोडी ६ प्रकारेच येते. एक्का आणि राजा हा हात मात्र चार गुणिले चार, १६ प्रकारे येतो. त्यांतले ४ एकाच कलरचे, ज्यांना सूटेड म्हणतात, आणि १२ वेगवेगळ्या कलरचे. ६, ४, १२ आणि १६ हे चार आकडे डोक्यात ठेवले तरी पुष्कळ काम होतं. खेळाडूंच्या भाषेत यांना कॉम्बो म्हणतात.

एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. कुठलीतरी जोडी १७ डावांत एकदा. एखाद्या रविवारी संध्याकाळभर जोडी आली नाही तर कॅट खराब आहे असं समजून परत आणू नका.

<b>"त्याच्याकडे एक्केच असणार"</b>

तुमच्या हातात राण्यांची जोडी आहे. समोरचा सावध गडी आहे, पानं मधे मांडायच्या आधीच त्याने मोठी रेज केली, म्हणजे पैज वाढवली. तुम्हाला माहीत आहे की हा माणूस एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा यांवरच असं करतो. घाबरलेलं मन सांगतं, एक्के आले याला. मोजून बघू. एक्क्यांची जोडी ६, राजांची जोडी ६, एक्का-राजा १६. एकूण २८, आणि त्यांतल्या १६ वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, त्याच्याकडे अजून जोडीच नाही. एक्का-राजासमोर राण्या थोड्या पुढे असतात, १०० तले साधारण ५६ डाव जिंकतात. मोठ्या जोड्यांसमोर जेमतेम १८-१९. सगळं एकत्र केलं की तुमच्या वाट्याला ४० टक्क्यांच्या आसपास येतं. कॉल करायचा, म्हणजे त्याच्याइतक्या चिपा घालायच्या, की नाही ते पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, किती चिपा आहेत त्यावर ठरेल, पण "एक्केच असणार" म्हणून राण्या फेकून देणं हा हिशेब नव्हे.

आता तुमच्या हातातच एक्का-राजा आहे असं धरा. शिल्लक एक्के तीन, राजे तीन. त्याच्या एक्क्यांच्या जोडीचे प्रकार ६ वरून ३ वर आले, राजांचेही ३ वर. तुमच्या हातातल्या पानांनी त्याचे निम्मे भीतीदायक हात कापले. अशा पानांना ब्लॉकर म्हणतात. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे नवीन नाही: दोन दश्श्या माझ्याकडे, म्हणजे बाकीच्या तिघांत मिळून दोनच, हा विचार तिथे लहान मुलंही करतात.

<b>शेवटच्या पानावरचा हिशेब</b>

हे उदाहरण कॅट समोर घेऊन, पानं मांडूनच वाचा. नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

मधे मांडा: बदाम राजा, चौकट नव्वी, किल्वर चौकी, इस्पिक सत्ती, बदाम दुर्री. तुमच्या हातात किल्वर राजा आणि किल्वर राणी. म्हणजे तुमच्याकडे राजांची जोडी आहे, सोबत राणी. पॉटमध्ये १०० चिपा होत्या, समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० घातल्या तर पॉट २०० चा होतो. चारांत एकदा जिंकलात तरी तोटा नाही. तुम्हाला २५ टक्के हवेत.

तुम्हाला हरवणारे हात मोजा. एक्का-राजा: दोन राजे दिसताहेत, उरले दोन, गुणिले चार एक्के, ८. एक्क्यांची जोडी ६. नव्वीची जोडी हातात असून तिसरी मधे, असे ३. सत्तीचे ३, चौकीचे ३. राजांची जोडी उरलेल्या दोन राजांची, फक्त १. दुर्रीची जोडी घेऊन हा इथपर्यंत पैज लावत आला नसता, ती सोडून द्या. एकूण २४. तुमच्यासारखाच राजा-राणी किंवा त्याहून हलका राजा घेऊन तो एवढं लावत नाही असंही धरू या.

आता तो नुसता ब्लफ मारत असेल, म्हणजे हातात काही नसताना हूल देत असेल, तर काय असेल? शेवटच्या आधीच्या पानापर्यंत ज्याला स्ट्रेटची आशा होती आणि दुर्री आल्यावर मावळली, असा हात. गुलाम-दश्शीला राणी किंवा अठ्ठी हवी होती. दश्शी-अठ्ठीला गुलाम किंवा छक्की. हे हात तो एकाच कलरचे असतील तरच खेळतो असं मानलं तर प्रत्येकी ४, मिळून ८.

३२ तले ८. बरोबर २५ टक्के. अगदी काठावर.

इथून पुढे माणूस ओळखायचा. हा गृहस्थ दश्शी-अठ्ठीसारखे हात मुळातच फेकून देतो हे माहीत असेल, तर ब्लफ ४ च उरतात, २८ तले ४, म्हणजे १४ टक्के: पानं टाका. उलट हा वेगवेगळ्या कलरची गुलाम-दश्शीही सोडत नाही असं दिसलं असेल, तर आणखी १२ आले. ४४ तले २०, ४५ टक्के: बिनधास्त कॉल. त्याच मांडणीवर एक १२ कॉम्बोंचा हात आत घेतला की निर्णय उलटतो. "हा खूप ब्लफ मारतो" असं मोघम म्हणण्यापेक्षा हा नेमके कुठले हात खेळतो ते बघा, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

आणखी एक फेरफार करून बघा. तुमच्या हातात किल्वर राणीऐवजी किल्वर गुलाम ठेवा. तुमच्या हाताची ताकद व्यवहारात तेवढीच. पण किल्वरची गुलाम-दश्शी आता त्याच्याकडे असू शकत नाही. ब्लफ ८ चे ७ झाले, ३१ तले ७, साडेबावीस टक्के. काठावरून खाली. तुम्ही त्याचा ब्लफच अडवून बसलात. एवढ्या बारकाव्याने घरच्या खेळात कुणी खेळत नाही, हे खरं. पण आठवडाभरात एक-दोन डाव असे मांडून मोजले की टेबलावर अंदाज आपोआप सुधारतो.

<b>अजून पान यायचं असेल तेव्हा</b>

मधली पहिली तीन पानं उघडली, तुमच्याकडे एकाच कलरची चार झाली, पाचवं हवं आहे. तुम्ही पाच पानं पाहिलीत, ४७ पाहिली नाहीत, त्यांत तुमच्या कामाची ९. पुढच्याच पानाला ते येण्याची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. तोंडी हिशेबासाठी: कामाची पानं गुणिले २ म्हणजे एका पानाची टक्केवारी, गुणिले ४ म्हणजे दोन पानांची. पानं जास्त असली की चाराचा गुणाकार फुगतो. १५ पानांना तो ६० सांगतो, खरे ५४ च असतात.

या चाराने अनेकांचा घात होतो. तो फक्त ऑल-इन झाल्यावर, म्हणजे पुढे एकही चिप न घालता दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाच वापरायचा. समोरचा पुढच्या फेरीत पुन्हा पैज लावणार असेल तर तुम्ही विकत घेताय ते एकच पान, १९ टक्क्यांचं. वरच्यासारखी १०० वर ५० ची पैज असेल तर २५ हवेत आणि तुमच्याकडे १९ आहेत. फ्लश लागल्यावर त्याच्याकडून आणखी चिपा निघतील अशी खात्री असेल तरच पुढे जा.

<b>पिसणं</b>

वरचं सगळं गणित पानं नीट पिसली आहेत असं धरून आहे. हातात गठ्ठा धरून थोडी थोडी पानं वरखाली करण्याची आपली नेहमीची पद्धत दिसायला बरी, पण मागच्या डावातली पानं चिकटून राहतात. कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत सोडायच्या, ही रिफलची पद्धत चांगली. डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की असं सुमारे सात वेळा केलं की ५२ पानं पुरेशी मिसळतात. जमत नसेल तर पानं पालथी पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर सतरंजीवर कालवा. पेटीतले जोकर आधी बाजूला काढा, आणि रमीच्या दोन कॅटमधली पानं इकडे येऊ देऊ नका.

<b>पैशांबद्दल</b>

पेटीतल्या चिपा खेळण्यासाठी आहेत. त्यांना दुकानात किंमत नाही आणि पैसे लावून खेळण्यासाठी आम्ही सल्ला देत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत, म्हणून महाराष्ट्रात घरी तसंच चालतं असं नाही. इथे १८८७ पासूनचा जुगारबंदी कायदा आहे. शिवाय इतकं मोजूनही २५ टक्क्यांचा डाव चारांतल्या तीन वेळा हरायचाच असतो. चिपा हरणं सोपं असतं.

<b>पान हरवलं तर</b>

५१ पानांवर खेळू नका. हरवलेलं पान एक्का असेल तर एक्क्यांची जोडी ६ ऐवजी ३ च प्रकारे येते आणि टेबलावरचा प्रत्येक जण ६ धरून चाललेला असतो. काढून ठेवलेला एक जोकर घ्या, त्याच्या तोंडावर पक्क्या शाईने हरवलेल्या पानाचं नाव लिहा. मागची नक्षी तीच असल्याने चालून जातं. काही महिन्यांनी त्याची पाठ बाकीच्यांपेक्षा कोरी दिसू लागते, आणि मग ते पान कुणाकडे गेलं हे सगळ्यांना कळतं. तेव्हा मात्र नवा कॅट घ्या.