मिशन एलिओग्राफिक

मिशन एलिओग्राफिक ही फ्रान्समधील जुन्या वास्तूंची, त्यातही मुख्यतः मध्ययुगीन चर्च आणि मठांची छायाचित्रे घेण्यासाठी १८५१ साली निघालेली सरकारी मोहीम. ‘एलिओग्राफी’ म्हणजे सूर्यलेखन. राज्यक्रांतीत मोडतोड झालेल्या आणि पुढे हेळसांड झालेल्या वास्तूंपैकी आधी कोणत्या दुरुस्त करायच्या, हे ऐतिहासिक वास्तू आयोगाला ठरवायचे होते. लेखक प्रॉस्पेर मेरिमे तेव्हा या वास्तूंचा महानिरीक्षक होता.

पाच छायाचित्रकारांना मुलूख वाटून दिले गेले. आंरी ल सेक पूर्वेकडे रँस, स्ट्रासबुर्गला गेला, एडुआर बाल्दुस बर्गंडी आणि प्रोव्हान्सला. ग्युस्ताव ल ग्रे आणि ओग्युस्त मेस्त्राल जोडीने नैर्ऋत्येकडे निघाले. इपोलित बायारकडे नॉर्मंडी आली. त्याने निगेटिव्हसाठी काच वापरली, पण त्याच्या निगेटिव्ह आयोगाकडे पोहोचल्याच नाहीत.

बाकीच्यांची भिस्त कागदी निगेटिव्हवर होती. ल ग्रेने कागदाला आधीच मेण चोळून घेण्याची युक्ती काढली होती. असा कागद कोरडा वापरता येई आणि कित्येक दिवस आधी तयार करून ठेवता येई; प्रवासात काचेचे ओझे आणि फुटण्याची धास्ती नको. मात्र प्रकाश टिपायला त्याला बराच वेळ लागे. त्यामुळे अंधाऱ्या गाभाऱ्यांपेक्षा उन्हातली महाद्वारे आणि मठांच्या ओवऱ्याच जास्त टिपल्या गेल्या. आर्ल येथील सँ-त्रोफिमच्या ओवरीचे बाल्दुसचे चित्र मुद्दाम पाहावे. जवळचा खांब आणि लांबची कमान एकाच निगेटिव्हवर स्पष्ट येईना, म्हणून त्याने सुमारे दहा निगेटिव्ह कापून जोडल्या आणि सांधे हाताने रंगवून बुजवले. पुराव्यासाठी मागवलेल्या चित्रात एवढी कारागिरी!

एवढे करून आयोगाने ही चित्रे प्रसिद्ध केली नाहीत. निगेटिव्ह दप्तरात पडून राहिल्या. आता त्यांचे मोल वेगळ्याच कारणाने आहे. दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन शहराच्या तटबंदीची दुरुस्ती वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकने १८५३ मध्ये हाती घेतली. ल ग्रे-मेस्त्राल जोडीने ती त्याआधीच, ढासळलेल्या अवस्थेत टिपली होती. आज यातल्या बऱ्याच निगेटिव्ह पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत.

ल सेकचा ध्यास मोहिमेबरोबर संपला नाही. १८५२ मध्ये त्याने शार्त्रच्या कॅथेड्रलवरील शिल्पांची चित्रे घेतली. पुढे छायाचित्रण सोडल्यावरही, मीठ लावलेल्या कागदावर काढलेल्या आपल्या प्रती फिक्या पडतील या धास्तीने त्याने जुन्या निगेटिव्ह पुन्हा छापल्या, त्या टिकाऊ सायनोटाइपने, म्हणजे निळ्या रंगात चित्र उमटवणाऱ्या पद्धतीने. त्यामुळे त्याच्या काही चर्चचा दगड निळा दिसतो.