ओडिया चित्रपट

ओडिशातील ओडिया भाषेचे बोलपट. निर्मितीची मुख्य केंद्रे कटक व भुवनेश्वर. या चित्रपटसृष्टीचे ‘ऑलिवुड’ हे वृत्तपत्री नाव येथे वापरलेले नाही.

पहिला ओडिया चित्रपट ‘सीता बिबाह’. काही संदर्भांत त्याचे साल १९३४ असे येते. परंतु पुरीच्या लक्ष्मी टॉकीजमध्ये तो २८ एप्रिल १९३६ रोजी लागला, ही नोंद अधिक ग्राह्य वाटते. १९३४ हे पूर्वतयारीचे साल असणे शक्य आहे. ओडिशा हा स्वतंत्र प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी अस्तित्वात आला, म्हणजे प्रांत आणि त्याचा पहिला बोलपट यांत महिन्याभराचेही अंतर नाही. दिग्दर्शक मोहनसुंदर देव गोस्वामी हे पुरीच्या रासलीलेच्या नाट्यपरंपरेतले. कथा कामपाल मिश्र यांच्या नाटकावरून घेतली होती. ओडिशात स्टुडिओ नसल्याने कलकत्त्याच्या काली फिल्म्सचा आधार घ्यावा लागला. १२ रिळे, १४ गाणी आणि सुमारे ३० हजार रुपये खर्च असे तपशील मिळतात. मेहनतान्याचे आकडेही नमूद आहेत : रामाची भूमिका करणारे माखनलाल बॅनर्जी यांना १२० रुपये, सीता झालेल्या प्रभाती यांना १५० आणि लक्ष्मणाच्या भूमिकेतील आदित्यबल्लभ मोहंती यांना अवघे ३५. सीतेला रामाहून अधिक मिळाले, ही गोष्ट त्या काळात लक्षणीयच म्हणावी लागेल.

दुसरा चित्रपट, ‘ललिता’, यायला १९४९ साल उजाडले. या तेरा वर्षांच्या खंडाला स्थानिक भांडवल व स्टुडिओ यांचा अभाव कारणीभूत असावा. ‘श्री जगन्नाथ’ (१९५०) लोकप्रिय झाला. ‘श्री लोकनाथ’ने (१९६०) ओडियाला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे साहित्यकृतींकडे ओढा वाढला : बसंतकुमारी पटनायक यांच्या कादंबरीवरील ‘अमडाबाट’ (१९६४), कालिंदीचरण पाणिग्राही यांच्या कादंबरीवरील मृणाल सेन दिग्दर्शित ‘माटिर मणिष’ (१९६६). ‘गप हेले बि सत’ (१९७६) हा पहिला रंगीत चित्रपट. त्याच वर्षी राज्य चित्रपट विकास महामंडळ स्थापन झाले. भुवनेश्वरचा कलिंग स्टुडिओ त्यानंतरचा.

समांतर, म्हणजे व्यावसायिक चाकोरीबाहेरच्या वास्तवदर्शी चित्रपटांच्या, धारेचा उगम बव्हंशी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शोधावा लागतो. नीरद महापात्र व मनमोहन महापात्र (‘सीतारति’) हे दोघेही तेथलेच विद्यार्थी. नीरद महापात्रांचा ‘माया मिरिग’ (१९८४) ही या परंपरेतील सर्वश्रेष्ठ कृती होय, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक, शिकून दूर जाणारी मुले आणि एकत्र कुटुंबाचे सावकाश विरत जाणे, एवढेच कथानक. भूमिकांत बहुतेक हौशी माणसे. स्वयंपाकघर, ओसरी, खोल्या यांमधली रोजची ये-जाच सारे काही सांगते. त्याला द्वितीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवातील समीक्षक-सप्ताहातही तो दाखवला गेला. सुशांत मिश्र यांचा ‘इंद्रधनुर छाई’ १९९५ साली कानला निवडला गेला.

यानंतरच्या काळातील उल्लेखनीय चित्रपट म्हणजे नीलमाधव पांडा यांचा ‘कालिर अतीत’. समुद्राने गिळलेल्या सातभाया गावांची पार्श्वभूमी त्याला आहे.

‘माया मिरिग’ची मूळ १६ मिमी निगेटिव्ह खराब झाली होती. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ती आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील ३५ मिमी प्रत यांच्या आधारे चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले. २०२४ साली इटलीतील बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात तो पुन्हा पडद्यावर आला.