सॅराबँड फॉर डेड लव्हर्स

ईलिंग स्टुडिओचा १९४८ सालचा ब्रिटिश ऐतिहासिक चित्रपट. दिग्दर्शन बॅसिल डिअर्डन यांचे, निर्मिती मायकेल बाल्कन यांची. हेलन सिम्पसन यांच्या कादंबरीवरून जॉन डायटन आणि अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांनी पटकथा लिहिली. ईलिंगचा हा पहिला रंगीत चित्रपट.

कथेला खऱ्या इतिहासाचा आधार आहे. जर्मनीतल्या त्सेले संस्थानच्या ड्यूकची मुलगी सोफिया डोरोथिया हिचे १६८२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हॅनोव्हरच्या जॉर्ज लुडविगशी लग्न लावण्यात आले. जॉर्ज तिचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही मुलखांचा वारसा एका घरात यावा म्हणून जुळवलेली ही सोयरीक होती. दोन मुले झाली, तरी नवराबायकोचे कधी पटले नाही. पुढे स्वीडिश काउंट फिलिप क्रिस्टॉफ क्योनिग्समार्कशी तिची जवळीक वाढली. दोघांचा पत्रव्यवहार आजही उपलब्ध आहे. जुलै १६९४ च्या एका रात्री क्योनिग्समार्क हॅनोव्हरच्या राजवाड्यात गेला आणि नाहीसा झाला. त्याचा देह कधीच सापडला नाही. त्याच वर्षअखेर सोफियाचा घटस्फोट झाला. नंतरची तीस वर्षे तिने आल्डेनच्या वाड्यात नजरकैदेत काढली, मुलांची भेटही तिला नाकारली गेली. १७१४ मध्ये जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसला. सोफिया १७२६ मध्ये वारली.

चित्रपट या घटनांकडे प्रेमिकांच्या बाजूने पाहतो, पण त्यांना देवपण देत नाही. स्ट्युअर्ट ग्रेंजरचा क्योनिग्समार्क देखणा आहे, कर्जबाजारीही आहे, आणि दरबारात पाय रोवायला काउंटेस प्लाटेनचा आधार घेतो. या वयस्क, सत्तेला चटावलेल्या बाईची भूमिका फ्लोरा रॉबसन यांनी केली आहे आणि खरे तर चित्रपट त्यांनीच जिंकला आहे. तारुण्य सरत चालल्याची धास्ती आणि त्यातून पेटणारा सूड त्या फारसा आवाज न चढवता दाखवतात. जोन ग्रीनवुडची सोफिया मात्र शेवटपर्यंत तरुण वयातली गोंधळलेली सून वाटते. फ्रांस्वाज रोझे इलेक्ट्रेस (हॅनोव्हरच्या राज्यकर्त्याची पत्नी) सोफियाच्या, म्हणजे सासूच्या भूमिकेत आहेत. इंग्लंडच्या गादीचे गणित सतत डोक्यात असलेली ही बाई सुनेचे दुःख ओळखते आणि तरीही बाजूला सारते. पीटर बुलचा जॉर्ज लुडविग ओंगळ आहे.

प्रेमकथेचे नेपथ्य म्हणून दरबार मांडणारे चित्रपट पुष्कळ आहेत. इथे दरबारच प्रेमाचा शत्रू आहे, आणि ते दृश्यांतून जाणवते. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम यांनी टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्राचा भडकपणा मुद्दाम दाबला. मोठाली दालने अंधारात बुडालेली, मेणबत्त्यांच्या उजेडात अर्धेच दिसणारे चेहरे, अंगावर ओझ्यासारखी जड वस्त्रे. कार्निव्हलचा प्रसंग सर्वांत दमदार आहे. मुखवटे घातलेल्या, आनंदाने बेभान झालेल्या गर्दीत सोफिया वाट काढत राहते आणि प्रत्येक हसरा मुखवटा तिच्या अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. क्योनिग्समार्कवर राजवाड्यात घात होतो तेव्हाची तलवारबाजीही सावल्यांत घडते. वार कुठून येतो ते त्याला कळत नाही, आणि आपल्यालाही.

तिकीटखिडकीवर चित्रपट आपटला. त्या काळी ब्रिटनमध्ये गेन्सबरो स्टुडिओच्या भावनाप्रधान, जुन्या काळच्या वेशभूषेतल्या चित्रपटांची चलती होती, आणि ग्रेंजर त्यांतूनच नावारूपाला आला होता. त्या धाटणीचा रोमान्स पाहायला आलेल्यांना इथला गंभीर, थंड सूर रुचला नसावा. जिम मोरॅहन, विल्यम केलनर आणि मायकेल रेल्फ यांच्या कलादिग्दर्शनाला ऑस्करचे नामांकन मात्र मिळाले. ग्रीनवुड, डायटन आणि स्लोकोम १९४९ मध्ये ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’साठी पुन्हा एकत्र आले, आणि ईलिंगचे नाव जगभर झाले ते अशा विनोदी चित्रपटांमुळे.