मास्कचं कापड: जाड की मोकळं?

एप्रिल 2020मध्ये मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि घरोघरी शिलाई मशीनवर ब्लाउजपीस, जुन्या साड्या, बनियनसुद्धा चढले. कापड जितकं जाड तितकं बरं, असाच बहुतेकांचा हिशेब होता. तो अर्धाच बरोबर.

कापड चाळणीसारखं चालत नाही. विणीतली भोकं श्वासातल्या बारीक कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. तरी कण अडकतात. मोठ्या थेंबांना हवेबरोबर चटकन वळता येत नाही, ते धाग्यावर आपटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूला चिकटतात. सगळ्यांत चुकार ते मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून नुसत्या जाडीपेक्षा वीण किती दाट आणि धाग्यावर लव किती, हे जास्त महत्त्वाचं. फ्लॅनेल इथे बाजी मारतं. बनियनचं होजिअरी कापड ताणलं की त्याची भोकं उघडतात. कापड उजेडासमोर धरून पाहा. पलीकडचा दिवा स्वच्छ दिसला तर ते कापड मास्कच्या कामाचं नाही.

मग थरांवर थर चढवावेत का? समजा, एक थर 30 टक्के कण अडवतो. दोन थर 51 टक्के अडवतील, तीन थर साधारण 66. प्रत्येक नव्या थराचा फायदा घटत जातो, श्वासाला होणारा अडथळा मात्र तीन थरांत तिप्पट होतो. आणि श्वास मोठा आळशी! कापडातून जाणं जड झालं की तो नाकाच्या कडेने, गालाजवळच्या फटीतून निसटतो, न गाळलेलाच. चष्म्यावर वाफ धरते ती याचमुळे.

सुती कापडाचा एक गुण मात्र अनपेक्षित निघाला. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आणि स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 2021मध्ये श्वासाइतक्या दमट हवेत कापडं तपासली. सुती कापडाची गाळण्याची क्षमता सरासरी 33 टक्क्यांनी वाढली, आणि श्वास घेणं फारसं जड झालं नाही. कापूस ओलावा धरतो. त्यातून जाताना कण पाणी शोषून फुगतात आणि अडकतात. पॉलिएस्टर, नायलॉनला हे जमलं नाही.

पण दमट वेगळं आणि चिंब वेगळं. भिजलेला मास्क बदलावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2020मध्ये सुचवलेल्या तीन थरांत म्हणूनच आत सुती, बाहेर पाणी न शोषणारं पॉलिएस्टर आणि मध्ये न विणलेलं पॉलिप्रोपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, होतं. साड्यांच्या दुकानात कापडी म्हणून हाती ठेवतात ना, ती पिशवी बहुधा याच पॉलिप्रोपिलीनची असते.