विषाणूचे औषध हृदयाला का बाधते?

एड्सवरचे पहिले औषध, झिडोव्ह्यूडिन, १९८७ मध्ये मंजूर झाले. मुळात ते १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवलेले होते. डीएनएच्या माळेतल्या खऱ्या मण्यासारखाच हा एक खोटा मणी. विषाणूचे एन्झाइम फसते, तो ओवते आणि माळ तिथेच तुटते. अडचण अशी की आपल्या मायटोकॉन्ड्रियालाही, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांनाही, स्वतःचा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारे एन्झाइमही थोडेफार फसते. १९९० च्या सुमारास, दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांच्या स्नायूंत बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया सापडले.

हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनीच व्यापलेला असतो. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे तर ऊर्जाही तेवढी हवी. आणि गेलेली पेशी इथे सहसा भरून निघत नाही, म्हणून हा धोका मला इतर दुष्परिणामांहून गंभीर वाटतो.

१९९३ मध्ये हिपॅटायटिस बी वरच्या फियाल्युरिडिन या अशाच खोट्या मण्याच्या चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण दगावले. तिथे बळी यकृताचा होता, पण प्राण्यांवरच्या आधीच्या चाचण्यांत या धोक्याची चाहूल लागली नव्हती.

हृदयाची पाळी २०१२ मध्ये आली. हिपॅटायटिस सी वरच्या बीएमएस-९८६०९४ या त्याच कुळातल्या औषधाच्या चाचणीत नऊ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतला एक हृदय निकामी होऊन गेला. औषध कायमचे बंद झाले. नंतरच्या अभ्यासांत सगळा दोष मायटोकॉन्ड्रियावर टाकता आला नाही. हृदयपेशीतली जनुके वाचण्याची प्रक्रियाच मंदावल्याचे दिसले.

हे शोधता आले ते मानवी त्वचेच्या पेशींना मूळपेशी (ज्यांतून शरीरातल्या इतर पेशी घडवता येतात) बनवण्याच्या, २००७ मध्ये जाहीर झालेल्या तंत्रामुळे. अशा मूळपेशींपासून घडवलेल्या हृदयपेशींचा पातळ थर काचेच्या ताटलीत आपोआप, एका लयीत आकसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती धडधड स्पष्ट दिसते. त्यावर औषध घालून काही दिवस लक्ष ठेवले की आकसणे क्षीण होते का, लय चुकते का, हे माणसाला गोळी देण्याआधीच पाहता येते.

याच कुळातल्या सोफोसबुव्हिरने असंख्य लोकांचा हिपॅटायटिस सी बरा केला, हेही विसरू नये. मात्र अमिओडॅरोन या हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधासोबत ते दिल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावते, असा इशारा २०१५ मध्ये द्यावा लागला. कोविडच्या काळात रेमडेसिव्हिर घेणाऱ्या काही रुग्णांचीही नाडी मंद झाली. औषध थांबवल्यावर ती बहुधा पूर्ववत होई.