आयर्लंडच्या गावात राहायला जाताय? 'अजून एक स्पॉट' जोडायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे आयर्लंड बुक करणारे बहुतेक जण सुरुवातीला एकच सांगतात, टुरिस्टांची गर्दी नको, तिथली माणसं कशी राहतात ते बघायचंय. आम्ही तसा प्लॅन करून देतो आणि तिकिटं निघाली की मेसेज सुरू होतात, 'एवढ्या लांब चाललोच आहोत तर क्लिफ्स ऑफ मोहर पण टाका, रिंग ऑफ केरी पण टाका, बेलफास्टला एक रात्र बसेल का?' बसवता सगळंच येतं हो, पण मग रोज सकाळी बॅगा भरा, दिवसभर गाडीत बसा, संध्याकाळी नवीन चेक-इन, आणि परत आल्यावर तुम्हीच म्हणता की लोकल असं काही बघायलाच मिळालं नाही.

म्हणून आमचा नियम आहे, गावातला मुक्काम किमान चार रात्रींचा. काहींना वाटतं हे आमच्या सोयीसाठी आहे, पण खरं तर रोज हॉटेल बदललं तर आमचं कमिशन वाढतं. चार रात्री यासाठी, की पहिल्या दिवशी तुम्ही नुसते पाहुणे असता, दुसऱ्या दिवशी दुकानदार ओळख दाखवतो, आणि तिसऱ्या दिवशी बीअँडबीची (घरातच खोली आणि नाश्ता देणारी जागा) मालकीण नाश्ता वाढताना आपणहून सांगते की आज संध्याकाळी मॅच आहे, जाऊन या. ही मॅच कुठल्याही पॅकेजमध्ये नसते.

आम्ही बऱ्याचदा पूर्व क्लेअर सुचवतो, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीतला किलालू, स्कॅरिफ, फीकल, टुला हा भाग. शॅनन विमानतळापासून गाडीने तासाभराच्या आत येतो आणि क्लिफ्सला जाणाऱ्या बसेस इकडे वळत नाहीत. लॉख डर्ग हा मोठा तलाव आहे, माउंटशॅननहून बोटीने होली आयलंडला जाता येतं, टूमग्रेनीचं जुनं चर्च आहे, पण खरी मजा हर्लिंगची, म्हणजे काठी आणि चेंडूने खेळायच्या इथल्या मैदानी खेळाची. क्लेअरने 2024 ला कॉर्कला एका पॉइंटने हरवून ऑल-आयर्लंड, म्हणजे हर्लिंगची देशातली सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, त्यामुळे हा विषय काढला की समोरचा माणूस खुलतोच. क्लबच्या मॅचेस साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर जोरात असतात. एका बाजूला पंधरा जण, हातात हर्ली म्हणजे लाकडी काठी, गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक पॉइंट आणि खाली जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन. खेळणारे कोणीही प्रोफेशनल नाहीत, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी प्लंबर, आणि खेळतात आपल्याच गावासाठी. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना गाव लोटतं ना, तसंच वातावरण. बाजूला उभं राहून 'कोण जिंकतंय?' एवढं विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. तुम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं नाव निघू शकतं, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, तेव्हा तेवढं माहीत असू द्या.

आता पब. सात वाजता जाऊन 'म्युझिक कुठाय?' विचारणारे खूप. सेशन, म्हणजे वादकांनी एकत्र बसून पारंपरिक संगीत वाजवणं, सहसा रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू होतं आणि छोट्या गावात किचन त्याच्या आधीच बंद होतं, म्हणून जेवण लवकर उरका. अठराच्या आतली मुलं रात्री नऊनंतर पबमध्ये चालत नाहीत, मे ते सप्टेंबर दहापर्यंत, हा कायदा आहे, मालकाशी वाद घालून उपयोग नाही. मुलं बरोबर असतील तर आधी सांगा, आम्ही दुपारचं सेशन शोधून देतो. कोपऱ्यातल्या खुर्च्या वादकांच्या असतात, तिथे बसू नका, व्हिडिओ काढायच्या आधी विचारा, आणि कोणी वाद्याशिवाय गायला लागलं की गप्पा थांबवा, सगळा पब थांबतो. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. दारू घेत नसाल तर चहा मागा, कोणी काही म्हणत नाही, पण कोणी तुमच्यासाठी ड्रिंक आणलं तर पुढचा राउंड तुमचा.

नाश्त्याला ब्लॅक पुडिंग असतं, त्यात डुकराचं रक्त असतं, शाकाहारी लोकांनी आदल्या रात्रीच बीअँडबीत सांगून ठेवावं, मग पॉरिज, ब्राउन ब्रेड, मशरूम, टोमॅटो असं व्यवस्थित मिळतं.

गाडी चालवणार असाल तर मॅपवरच्या वेळेवर प्लॅन करू नका. गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, मध्ये गवत, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे घ्यायचं. फेब्रुवारी 2025 पासून अशा लोकल रस्त्यांवर स्पीड लिमिट ताशी 80 वरून 60 किमी केलंय. समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार आहे, तुम्हीपण उचला. 'तासाभरात पोचू' म्हणून तीन ठिकाणं जोडणाऱ्यांचा दिवस इथेच जातो.

आणि बेलफास्टचं म्हणाल तर, उत्तर आयर्लंड युकेमध्ये आहे. रस्त्यावर चेकपोस्ट दिसत नाही म्हणून चालतं असं नाही, भारतीय पासपोर्टवर युकेचा व्हिसा किंवा आयरिश व्हिसावर बीआयव्हीएसची (दोन्ही देशांत एकाच व्हिसावर फिरू देणारी ब्रिटिश-आयरिश योजना) नोंद लागते. शेंगेन व्हिसा तर आयर्लंडलाच चालत नाही. व्हिसाच्या अर्जात राहायचा पत्ता दिलेला असतो, म्हणून नंतर मुक्काम हलवला की कागद पुन्हा तयार करावे लागू शकतात आणि छोटे बीअँडबीवाले कॅन्सल केल्यावर पैसे देतीलच असं नाही, तो खर्च तुमच्याच डोक्यावर येतो.

क्लिफ्स बघूच नका असं आमचं म्हणणं नाही. चार रात्रींपैकी एक दिवस तिकडे जाऊन संध्याकाळी परत गावात या, तो दिवस आम्ही जास्तीचे पैसे न घेता आखून देतो. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी कळवा: बरोबर मुलं आहेत का आणि किती वयाची, गाडी कोण चालवणार, आणि जेवणात काय चालत नाही. त्यावरून गाव ठरवू, आणि त्या आठवड्यातल्या मॅचेस आणि सेशन्सची यादी निघायच्या आधी तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल.