स्लीपर थंड होत नाही: गॅस कमी की वारा कमी?

मोठ्या ट्रकच्या स्लीपरमध्ये, म्हणजे चालकाच्या आसनामागच्या झोपायच्या जागेत, रात्री उकडायला लागलं की पहिला संशय एसीच्या गॅसवर जातो. पण 'थंड होत नाही' या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात, आणि चुकीचा धरला तर पैसे जातात, झोपही जाते.

आधी हात एसीची हवा येते त्या जाळीसमोर धरा. वारा जोरात येतोय पण कोमट आहे? मग गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणारा भाग, टक्‌ करून लागतो आणि थोड्याच वेळात सुटतो, कारण दाब खाली गेला की सुरक्षेचा स्विच त्याला बंद करतो.

वारा सुरुवातीला गार होता आणि अर्ध्या-पाऊण तासात मंदावत गेला, तर गोष्ट निराळी. कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ धरलाय. फिल्टर तुंबला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते आणि हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो. बर्फाने वाट आणखी अडते, म्हणून बिघाड स्वतःच वाढत जातो. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. थोड्या वेळाने खाली पाणी ठिबकलं आणि वारा पूर्ववत झाला, तर बर्फच होता. बऱ्याच ट्रकमध्ये स्लीपरचं युनिट बिछान्याखाली असतं. हवा ओढणाऱ्या जाळीला घडी घातलेलं ब्लँकेट किंवा बॅग टेकलेली असली तरी एवढं सगळं घडतं. आधी तिथे बघा, फुकटचं काम आहे.

फसवणूक इथे होते: गॅस थोडा कमी असला तरी कॉइलच्या तोंडाशी बर्फ धरू शकतो. म्हणून फिल्टर साफ करूनही बर्फ परत आला तर गॅसकडे वळा.

पुढची केबिन गार आणि स्लीपर गरम असेल तर मी घाईने गॅस भरू देणार नाही. कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्हीकडे एकच. स्लीपरचे फिल्टर, ब्लोअर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारी झडप) मात्र वेगळे. हीटरची झडप नीट बंद होत नसेल तर गार हवेत इंजिनाची ऊब मिसळते. कॉइलचा पाइप गार आणि जाळीतली हवा कोमट, ही तिची खूण.

बंद गाडीवर गेज लावून 'दाब ठीक आहे' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. एसीत भरला जाणारा आर-134ए वायू 25 अंशांना साधारण 80 पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो, आणि आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत निम्मा गॅस गळाला तरी तेवढाच दाखवतो. खरी मोजणी वजनाने: सगळा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, तोलायचा, गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडायचा. तो कमी निघाला तर गळती आहेच, कारण गॅस वापरून संपत नाही. जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा, आणि भरणं त्यानंतर.